नंतरचं ते खरं

३ मार्च, सोमवार

संध्याकाळी बरबँकला पोहोचलो, मी आणि माझी लेक नेल. टक्सनपासून आठ तास. वाटभर नेल हलणारा दात जिभेने ढकलत होती; वरचा, डावीकडचा. घर लहान आहे, पण दारात लिंबाचं झाड आहे. त्याखाली नेलचा फोटो काढला. तिने भिंतीकडचा पलंग घेतला, मला खिडकीकडचा दिला. कोपऱ्यावरच्या गाडीवरून टाको आणून खोक्यांवर बसून खाल्ले.

४ मार्च, मंगळवार

स्टुडिओतला पहिला दिवस. महानायकांचे बावीस चित्रपट, नऊ समांतर विश्वं. कुठल्या विश्वात कधी काय घडलं, याचा तक्ता अख्ख्या भिंतीवर. प्रेक्षक चुका पकडून पत्रं पाठवतात, उत्तरं आम्ही द्यायची. काल घराची चावी देणारी लॉर्ना इथे तीस वर्षं आहे. म्हणाली, हेडी, डोकं घरी ठेवून येत जा, इथे नियम एकच. दोन गोष्टी जुळल्या नाहीत, तर नंतरची खरी, आधीची पुसायची. पुसलेलं कुणाला आठवत नाही, आपल्या पगारवाढीसारखं. खूप हसलो.

६ मार्च, गुरुवार

पहिलं उत्तर दिलं. एकाने विचारलं होतं, तिसऱ्या चित्रपटात नायकाला धाकटी बहीण आहे. अकराव्यात त्याच घरात पलंग एकच. बहीण गेली कुठे? लॉर्नाने सांगितलं तसं लिहिलं: बहीण नव्हतीच. खाली सही केली. तक्त्यावरचं तिचं नाव पुसलं.

दमले. एकटीच जेवले, अंडं आणि टोस्ट.

१० मार्च, सोमवार

लॉर्नाला ती बहीण आठवत नाही. तिसरा चित्रपट लावून पाहिला. त्यातही पलंग एकच. लॉर्ना म्हणाली, अगं, काम चोख झालं की असंच दिसतं.

११ मार्च, मंगळवार

नेलला आणायला शाळेत गेले. बाईंनी यादी दोनदा पाहिली. या नावाची मुलगी नाही म्हणाल्या. मला पाणी दिलं. पोलिसांनी फोटो मागितला. फोनमध्ये लिंबाचं झाड आहे. झाडाखाली कुणी नाही.

घरी पलंग एकच. खिडकीकडचा.

रडू आलं नाही. कपबशी विसळून ठेवली.

१३ मार्च, गुरुवार

ऑफिसात टेबलावर पत्र. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत एवढंच:

तीन तारखेच्या पानात आई आणि मुलगी आहेत. सहा तारखेच्या पानात आई एकटीच जेवते. मुलगी गेली कुठे?

खाली उत्तर: मुलगी नव्हतीच. सही माझी.

सहाला नेल शेजारी जेवायला गेली होती. एवढंच. लिहायचं राहिलं.

लॉर्ना म्हणाली, कुठली मुलगी गं? घराची चावी मीच दिली तुला. एकटी तर होतीस.

१४ मार्च

नंतरचं ते खरं. म्हणजे मी आता नंतरचं लिहायचं.

नेल घरी आहे.

पलंग एकच.

नुसतं नाव लिहून चालत नाही. तक्त्यावरही चालत नाही. वाचणाऱ्याला काहीतरी दिसायला हवं —

१७ मार्च

तीन तारखेचं पान पुसट होतंय. दात हलत होता. वरचा. डावीकडचा, की —

शाई तीच आहे. बाकीची पानं ठळक.

१८ मार्च

नेल घरी आहे. भिंतीकडच्या पलंगावर बसली आहे. आज दात पडला, तो तिने मुठीत धरलाय. ती माझ्याकडे बघतेय. तिचे डोळे काळे, की —