चांदणी बाहेर लावायची

तीर्थरूप आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

तब्येत ठणठणीत आहे. पायमोजे दोन-दोन घालतो, तेव्हा थंडीची काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

इथला नाताळ आपल्यासारखा नाही, हे गेल्या वर्षीच पाहिलं. आपल्याकडे गल्लीभर ताटं फिरतात. इथे जो तो दार लावून आपल्या माणसांत. झाड मात्र देखणं सजवतात, आणि चांदणी त्याच्या शेंड्यावर, घराच्या आत.

यंदा मी कारखान्यातल्या लाकडी पट्ट्या तासून चांदणी केली. पाचही कोन सारखे आलेत. खिडकीबाहेर टांगली, तर वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "अहो, ही आत लावतात."

म्हटलं, "आमच्याकडे बाहेर लावतात. येणाऱ्याला घर कळावं म्हणून."

"आणि तुमच्याकडे कोण येणार आहे?"

मी नुसता चांदणीतला दिवा लावला. पण काल संध्याकाळी त्याच खाली आल्या, हातात झाकलेली ताटली. "दिवा दिसला," एवढंच म्हणाल्या. तासभर बसल्या.

धाकटा फोनवर सांगत होता, बाबा गेले, मी इकडे परदेशी, म्हणून यंदा तू चांदणी नको म्हणालीस. आई, असं करू नकोस. दार अंधारात दिसलं, की तुला त्रास नको म्हणून माणसं बाहेरूनच परत जातील. आणि एकटं जेवायची सवय फार लवकर लागते गं.

धाकट्याला चांदणी करायला सांग. चिकटवायची खळ पातळ ठेव म्हणावं, जाड खळीनं कागद सुरकुततो. शिडी तू धरू नकोस, शेजारच्या काकांना हाक मार. ते येतील, आणि मग चहाला थांबतीलच.

तुझा,
थोरला