तीन कोटेशन्स आणि एक लढाऊ विमान

४ जानेवारी, रविवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन चार वर्षं झाली, विचार नुसते डोक्यात राहिले. देशाचं नुकसान.
काल टीव्हीवर लढाऊ विमानांवरून भांडण. जुनी विमानं बदलायची आहेत. एक म्हणतो, नवी परवडत नाहीत. दुसरा म्हणतो, जुनी उडवणं धोक्याचं. किंमत प्रत्येक चॅनेलवर वेगळी. पण साधा प्रश्न कोणी विचारला नाही: तीन कोटेशन्स मागवली का?
कोलशेतच्या कंपनीत मी चौतीस वर्षं पर्चेस सांभाळलं. तीन कोटेशन्स, सगळ्यात कमी तो आपला. विमान म्हणजे तरी काय, शेवटी नट-बोल्टच.
संकल्प: सरकारला पंधरा पानी टिपण. पंधरा दिवसांत.
मंदाकिनीला सांगितलं. ती म्हणाली, आधी गीझरवाल्याला फोन करा.

७ जानेवारी
टिपणाचं शीर्षक तयार: 'लढाऊ विमाने: बदला नको, दुरुस्ती हवी'.
मंदाकिनी म्हणाली, 'बदला नको' म्हणजे सूड नको असं वाटतंय. शीर्षकावर पुनर्विचार. बाकी काम उद्या.

१२ जानेवारी
टिपण पूर्ण. पंधराची दोन पानं झाली. मुद्देसूद. सरकारी पोर्टलवर टाकलं.

१५ जानेवारी
उत्तर आलं! तीन दिवसांत! 'विमान तिकिटांच्या दरांबाबतची आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'
किरकोळ घोटाळा. पण कोणीतरी उघडून पाहिलं, हे महत्त्वाचं. फाइल हलली आहे.

१७ जानेवारी
बी विंगमधल्या गोपीनाथशेठची कृतिका सुट्टीवर आली आहे. ही माणसं इथली मूळची. आमचा टॉवर उभा आहे ती जमीन त्यांचीच, आधी भातशेती, खाडीकडे मिठागर. मुलगी मात्र हवाई दलात इंजिनिअर. ही जुनी विमानं उडण्याआधी तपासून सही करते. म्हणजे एका अर्थी माझ्याच लाइनमधली.
मार्गदर्शन करायला गेलो. अर्धा तास केलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मत विचारलं तर म्हणाली, "काका, खरेदीबद्दल मला बोलता येत नाही." म्हणजे मनातून सहमत आहे.
गोपीनाथशेठ मध्येच म्हणाले, "पोरगी सही करते नं, त्या इमानान कुनाचा तरी पोर बसतो." भावनिक मुद्दा. पर्चेसमध्ये भावना चालत नाही.
तांदळाची भाकरी उत्तम होती.

१९ जानेवारी
ज्येष्ठ नागरिक संघाच्या सेक्रेटरी आसावरीताईंचा फोन. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर वीस मिनिटं मोकळी आहेत, योगासनवाले येत नाहीयेत, तुम्ही बोलाल का? मी मोठ्या मनाने हो म्हटलं. विषय अर्थातच विमानं.
संकल्प: रोज सकाळी आरशासमोर तालीम.

२२ जानेवारी
पहिली तालीम. आरशासमोर मंदाकिनी केस विंचरत होती, म्हणून स्वयंपाकघरात. "कमी किमतीत घेतलं म्हणून माझ्या चौतीस वर्षांत कोणाचं काडीचंही नुकसान झालं नाही," हे वाक्य फार दमदार वाटलं. मंदाकिनी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि राघो?"
राघो आमच्याकडे फिटर होता. स्टीम लाइनच्या जोडातलं गॅस्केट फाटलं, वाफेने उजवा हात भाजला. बोटं वाकडी राहिली. नोकरी सोडून गावी गेला, खडवलीला. त्याचा रीतसर रिपोर्ट झालेला आहे. निष्कर्ष: कामगाराचा निष्काळजीपणा. माझ्याच हातचा रिपोर्ट, त्यामुळे पाठ आहे.
मंदाकिनीला म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? ती म्हणाली, "मी नुसतं नाव घेतलं."
मूड गेला. पुढची तालीम उद्या.

२६ जानेवारी. दुपारी १.
व्याख्यान झालं. एकंदरीत यशस्वी.
श्रोते तेवीस. दिल्लीची परेड टीव्हीवर चालू होती, त्या मानाने प्रचंड. त्यातले नऊ वडा-चहानंतर गेले. ज्यांना विषय कळतो ते थांबले.
सुरुवात जोरदार. जुनी वस्तू टाकून देण्याची चटक, दुरुस्तीची संस्कृती, तीन कोटेशन्स. मग गोपीनाथशेठच्या आई, आवडाबाई, ब्याऐंशीच्या, पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "सायबा, तू बसशील का त्या इमानान?"
मी म्हणालो, आजी, प्रश्न धोरणाचा आहे. त्या म्हणाल्या, "त्या नाय इचारलं. बसशील का?" हशा झाला. हसऱ्या श्रोत्यांपुढे बोलायला मजा येते. मी म्हणालो, बसेन की! आत्ता बसेन! तज्ज्ञ इथेच आहेत, त्यांनाच विचारा. आणि कृतिकाला उभं केलं.
ती उठायला तयार नव्हती. उठली. म्हणाली, कुठलं विमान घ्यावं, केवढ्याला घ्यावं, हे मी सांगणार नाही. एवढंच सांगते, मी सही केलेलं विमान परत खाली उतरेपर्यंत माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही. मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने, "काका, तुम्ही सही करून घेतलेल्या वस्तूपुढे कोण उभं राहायचं, ते तुम्हाला माहीत असायचं ना?"
मी म्हणालो, हो, अर्थात.
त्यानंतर पुढचा मुद्दा सापडेना. कागद हातात होता. आसावरीताईंनी वेळ संपल्याचं सांगितलं. अजून सात मिनिटं होती, पण वेळ पाळलेली बरी.

२८ जानेवारी
कृतिका आज ड्यूटीवर परत गेली. लिफ्टपाशी भेटली, वाकून नमस्कार केला. चांगली मुलगी आहे. प्रश्न मात्र नीट विचार करून विचारत नाही.
अपचन. वडे तेलकट होते.

३० जानेवारी
नोंदीसाठी एकदा वस्तुस्थिती लिहून ठेवतो.
गॅस्केटची तीन कोटेशन्स होती. मी सगळ्यात स्वस्त घेतलं. निम्म्याहून कमी किमतीत. त्या वर्षी बचतीबद्दल मला घड्याळ मिळालं. प्लांटच्या इंजिनिअरने चिठ्ठी पाठवली होती, 'हा माल स्टीमला चालणार नाही.' ती चिठ्ठी मी व्यवस्थित फाइल केली. माझं फाइलिंग पहिल्यापासून चांगलं.
रिपोर्टमध्ये चिठ्ठीचा उल्लेख नाही. रिपोर्ट एका पानात बसवायचा होता.
संकल्प: रविवारी खडवलीला जाणार. राघोला स्पष्ट सांगणार. मंदाकिनीला म्हटलं, टिपणाच्या पुरवणीसाठी प्रत्यक्ष अनुभव गोळा करायला जातोय. तिने डब्यात बेसनाचे लाडू भरून दिले.

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.
जाऊन आलो.
राघोचं घर स्टेशनपासून चालत वीस मिनिटं. काय बोलायचं ते चार वाक्यांत बसवलं होतं. वाटेत तीनदा म्हणून पाहिलं.
त्याने लांबून ओळखलं. "साहेब! आमच्या घरी!" खुर्ची पुसली. बायकोला चहा टाकायला सांगितलं. शेजाऱ्याला बोलावून ओळख करून दिली, आमचे मोठे साहेब. मडक्यात भाजायच्या पोपटीसाठी वाल लावलेत, ते दाखवले. सगळं डाव्या हाताने.
मी म्हणालो, राघो, त्या गॅस्केटबद्दल...
तो म्हणाला, "सोडा हो साहेब. माझीच चूक ती. नट जास्त आवळला असणार मी. रिपोर्टात आलंच होतं ना तसं. लय वर्षं मनाला लागून होतं, आपल्यामुळं लाइन बंद पडली, कंपनीचं नुकसान झालं. तुम्ही रागावला नाहीत, एवढं लक्षात आहे माझ्या."
मी चहा प्यायलो. लाडू दिले.
सांगणार होतो. पण गाडीची वेळ झाली होती, म्हणून उठलो.
गाडीला पाऊण तास होता. प्लॅटफॉर्मवर बसून राहिलो.