हौदाच्या दगडाची पाठ

४ फेब्रुवारी
ज्याच्या कृपेवाचून पाषाणातील एक अक्षरही उजळत नाही, त्या परमेश्वरास प्रथम वंदन.

लेक दुपारी दार न वाजवताच आत शिरली. "बाबा, माझं पुस्तक चुकलंय." चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता!

चौकातील जुन्या हौदाची डागडुजी चालू आहे. गवंड्याने शिलालेख भिंतीतून काढला, तर त्याच्या पाठीवरही अक्षरे. समोर कोरले आहे की हौद राजाने बांधला. त्याच आधारावर तिने तरुणपणी ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाने तिला विद्यापीठ दिले, टीव्हीवरील रोजच्या चर्चेत खुर्ची दिली, मानमरातब दिला. आम्ही सारे पंडित समोरच्या बाजूचेच ठसे घेत राहिलो. दगडाला पाठ असते, हे कुणाच्या ध्यानी आले नाही.

५ फेब्रुवारी
ओला कागद दगडावर बसवून, ब्रशने ठोकून, वाळवून तिने पाठीचा ठसा आणला. जेवणाचे टेबल रिकामे केले. ती अडेल तेथे मी वाचीत होतो. लिपी राजाच्या पुष्कळ आधीची. कुंभार, विणकर, नावाडी, दोन विधवा — गावाने मिळून हौद खणला होता. राजाने नुसता दगड उलटवला!

शेवटची ओळ चुन्याने बुजली आहे.

६ फेब्रुवारी
रविवारी तिला सर्वोच्च सन्मान मिळायचा आहे, त्याच ग्रंथासाठी. मी म्हणालो, "तेवढी कळ काढ. दगड काय पळून चाललाय?"

"जन्मभर मला सत्यावर निरूपणं ऐकवलीत, आणि आता त्यालाच सुट्टी देताय होय?"

स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, "रोज टीव्हीवर जगाला खोडून काढते. मग स्वतःच तेवढी का सुटावी?"



९ फेब्रुवारी
पहिल्या रांगेत बसलो होतो. संयोजक तिच्या कानाशी लागले, "ताई, आभार माना आणि आटपा."

तिने आभार मानले. मग म्हणाली, "हा सन्मान ज्या पानांसाठी आहे, ती चुकली आहेत." आणि पाठीवरचा लेख खणखणीत वाचला. सन्मानचिन्ह टेबलावरच राहिले.

मागून एक वृद्धा उठली. "आम्ही नावाडीच. ते परत वाचा बरं."

लेकीने परत वाचले. माझे डोळे वाहू लागले — वाहू दिले.

११ फेब्रुवारी
वाहिनीने तिची खुर्ची दुसऱ्यास दिली. ती चौकात चुना खरवडत बसली आहे.

१३ फेब्रुवारी
चुना निघाला. शेवटची ओळ मी वाचली, तिने उतरवली: "आमची नावे जो झाकील त्याचेही कल्याण होवो, पाणी तेवढे राहो."

लेकीने ओळीवरून बोट फिरवले. मग हसली. "बाबा, राजावर रागवायलाही जागा ठेवली नाही हो यांनी."

त्या न दिसणाऱ्या हातांना नमस्कार. हे पान ज्याच्या दृष्टीस पडेल, त्याचा घडा सदा भरलेला असो.