नमुन्याबरहुकूम

१४ नोव्हेंबर १९७१, रविवार
दवाखान्यात पाहुणी आलेली जर्मन बाई आज माग बघायला आली. मागाजवळ मामंजींची घोंगडी होती, तिच्यावरच बसली नि उठेचना. गालाला लावून बघत होती. तिकडं तिचं कापडाचं दुकान आहे म्हणे. विकत मागितली तर मामंजी म्हणाले, "पावनीकडनं पैसं कसलं घ्यायचं? न्या बाई." दिली की खुशाल! सासूबाईंनी कातलेल्या लोकरीची शेवटची होती ती. मी कपबश्या घेऊन आत गेले. आज मामंजी पोतं अंथरून निजले.

२० जाने. १९७२
हे नगरहून आले ते उड्या मारतच. त्या बाईची ऑर्डर, मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत. दोनशे घोंगड्या, नमुन्याबरहुकूम, चैत्र संपायच्या आत. माग आमचे नि शेजारच्या भागूवहिनींचे मिळून चार! म्हटलं, अंथरूण पाहून पाय पसरा. "अगं, अंथरूणच तर विकतोय," म्हणाले. बोलण्यात ह्यांना कोण हरवणार.

१२ फेब्रु.
जामखेडकडचे विणकर बायकापोरांसकट आले. आमच्या परसात पालं टाकलीत. भागूवहिनींनी रोजंदारी सोडली, दिवसभर सूत कातताहेत. पहाटेपासून मागांची खटखट. मामंजी सगळ्यांच्या मागे उभे. दहा वर्षांनी लहान झाल्यासारखे दिसतात.

१० मार्च
खळीचं काम. चिंचोके भाजा, भिजवा, वाटा, शिजवा. हात सोलवटले. मामंजींचा हुकूम, खळ नेहमीपेक्षा घट्ट. "सातासमुद्रापार चाललंय. नवं घोंगडं अंगनात उभं ऱ्हायलं पायजे, न्हाईतर विनकराचं नाक गेलं." आमच्यात रीतच आहे ती. नवी घोंगडी कडेवर उभी करायची, पडली तर लोक हसतात.
म्हटलं, मामंजी, बाईंनी नेली ती तर मऊ होती.
"ती अंगाखालची, पोरी. पावन्याला वापरल्यालं देत्यात व्हय?"
खरंच की. मलाही पटलं.

३ एप्रिल
माल गेला. नारळ फोडला. ट्रक दिसेनासा होईतो सगळे रस्त्यात उभे. माल पोचायच्या आत व्यापाऱ्याची पुढची मागणी, पाचशे! हे आता "आपला एक्स्पोर्ट" म्हणतात. मला हसू येतं. पण बरंही वाटतं, खोटं कशाला लिहू.

२९ जुलै
पाऊस नाही. आभाळ येतं नि तसंच जातं. धनगर मेंढरं घेऊन लांब गेले. लोकर आधी भरून ठेवली म्हणून माग चालू.

१८ ऑगस्ट
व्यापाऱ्याची तार आली. माल ताठ, नमुन्यासारखा नाही, पुढचा थांबवा.
मामंजींना वाचून दाखवली. "ताठ हाय म्हंजी चांगलं हाय की!" म्हणाले. ज्याला इथं शाबासकी, त्याचीच तिकडं तक्रार.

५ सप्टें.
व्यापारी म्हणतो, तयार झालेल्या घोंगड्या मऊ करून द्या, घेतो. नाहीतर इथंच संपलं. खळ काढायची तर धुवायला हव्यात, नि विहिरीला तळ दिसतोय. आज हे दोन हंडे पाणी घेऊन घोंगडी भिजवायला निघाले, तर भागूवहिनींनी हंडाच धरला.
"भावजी, माजी पोरं काय घोंगडं पिऊन ऱ्हात्याल?"
ह्यांनी हंडा सोडला. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच. फक्त आमच्याकडं भिजवायलाही पाणी नाही. फार लाज वाटली. रागही आला, ह्यांचा, त्या बाईचा, त्या मेल्या खळीचा.

२ ऑक्टो.
जामखेडची मंडळी पालं गुंडाळून दुष्काळी कामावर गेली, खडी फोडायला. जाताना मामंजींच्या पाया पडली. त्यांनी पाय मागे घेतले. भागूवहिनीही उद्यापासून जाणार. त्यांच्यासमोर उभं राहवत नाही, आम्हीच तर कातायला बसवलं होतं. खटखट थांबली तर घर खायला उठतं.
ह्यांचं डोकं चालूच. म्हणे कामावरच्या लोकांना घोंगड्या थंडीभर वापरायला देऊ. त्यांना ऊब, आपल्या मऊ. परदेशी गेल्या की माग पुन्हा सुरू.
मामंजी एवढे भडकलेले कधी पाहिले नव्हते. "वापरल्यालं इकनार? माज्या नावानं?"

९ नोव्हें.
पार्सल. बाईंनी नमुना परत धाडला, सोबत चिठ्ठी की अशीच हवी, बघून नमुना परत पाठवा. मामंजींची घोंगडी. कसल्याशा साबणाचा वास.
मामंजींनी ती अंगणात नेली, कडेवर उभी केली. पडली. परत उभी केली. परत पडली. मग मांडीवर घेऊन बसले. "हिरा," म्हणाले. सासूबाईंचं नाव त्यांच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं. मी चुलीपाशी जाऊन रडून घेतलं.

११ नोव्हें.
नमुना नि उत्तर, दोन्ही पाठवायचं. अक्षर माझं बरं म्हणून लिहायचं मी. व्यापारी इंग्रजीत करील.
मामंजींना विचारलं, काय लिहू?
"लिही, आशीच पायजे तर देतो. पर हिला मऊ व्हायला माज्या पाठीची वीस वरसं लागली."
हे म्हणाले, "आबा, असं कुठं लिहितात का?" मला म्हणाले, लिही की फाल्गुनापर्यंत मऊ करून देतो.
मामंजींनी जुनीची घडी घालून ह्यांच्या हातात दिली. गठ्ठ्यातली एक नवी ओढून अंगणात उभी केली. राहिली. मग स्वतःच आडवी पाडली नि तिच्यावर भरदुपारी निजले. कूस बदलली की करकर वाजते.
हे दोनदा डोकावून गेले. "बाईंना नमस्कार" एवढंच लिहून झालंय.