कोरडी फरशी

२ तारीख, सोमवार, दुपार

आदरणीय वन्सं,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे ठीक. तिकडची खुशाली कळवावी.

आईंचा हात प्लास्टरमधून सुटला. काल स्वतःच वेणी घातली आणि मला म्हणाल्या, "तुझ्या हातच्या वेणीपेक्षा बरी आहे." म्हणजे तब्येत सुधारली समजा.

कुंडीतलं कडूपाल्याचं झाड मी उपटलं. तुम्ही विचारलं नव्हतं, तरी सांगते.

औषधांच्या दुकानातल्या बाईंना परवा त्याची दोन पानं दाखवली. त्या म्हणाल्या, पाला चोळल्यावर फेस येतो तो सॅपोनिन नावाच्या द्रव्याचा. कडूपणा त्याचा आणि आणखी दोन-चार द्रव्यांचा. हा पाला साखर उतरवू शकतो, म्हणून मधुमेहाची गोळी चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. "दोन्ही मिळून साखर फार खाली नेली, तर माणूस घेरी येऊन पडतं."

हेच तुम्ही सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, देवाने दिलेलं वाईट कसं असेल.

आईंची साखर उतरावी म्हणून रोज त्यांना अर्धी वाटी रस देत होते, वहीत टिपत होते. त्या पडल्या त्या दिवशी पाला जास्त खुडला गेला. वाया कशाला घालवायचा, म्हणून वाटीभर दिला. वर त्यांची मधुमेहाची गोळी. त्यात माझा जप लांबला आणि त्यांच्या न्याहारीला उशीर झाला.

आई न्हाणीघराच्या दारात पडल्या तेव्हा घामाने निथळत होत्या. मी शेजारी गुडघे टेकून बसले. माझी साडी ओली झाली नाही, वन्सं.

तुम्ही नुकत्याच अंघोळ करून आला होतात. "कशी पडली?" असं ह्यांनी विचारलं आणि मी म्हणाले, "ओल्या फरशीवरून." ते तुम्हाला ताडताड बोलत होते तेव्हा मी आईंना साखरपाणी पाजत होते. ते का पाजायचं हे हाताला ठाऊक होतं, तोंड गप्प राहिलं. तुम्ही त्याच संध्याकाळी बॅग भरलीत.

देवासमोर रोज कबूल करते. तो ऐकून घेतो, पण तुमच्या भावाला सांगत नाही.

वहीतलं त्या दिवसाचं पान मी फाडलं होतं. कागद टाकवत नाही, म्हणून घडी करून ठेवलं. सोबत जोडते आहे. त्यावर 'रस एक वाटी' माझ्याच अक्षरात आहे.

पाकीट चिकटवत नाही. हे पत्र आज ह्यांच्याच हाती देणार आहे. आधी वाचा, मग टपालपेटीत टाका, असं सांगून.

यापुढे वहिनी म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या घराची सून