खळ्यावरचे जोडे

शनिवार, रात्रीचा एक

झोप येत नाही म्हणून लिहून राहिलो. मुर्रीला आमचं धानाचं वावर होतं, तिथे आता नाइटक्लब उघडला. वावर विकायचा हट्ट माझाच होता. आज सुनील, माझा दोस्त, पहिल्यांदाच ओढत घेऊन गेला.

विहिरीवर काच बसवून आत निळा दिवा सोडला आहे. विहीर ओळखली तेव्हा कळलं, बाजूचा नाचायचा फ्लोअर म्हणजे आमचं खळं. तिथे मळणी व्हायची. बाबा कोणालाच जोडे घालून खळ्यावर चढू देत नसत. माझे जोडे कधी काढले, मलाच समजलं नाही. बाउन्सर धावत आला, "भैया, जूते पहनो! मंदिर है क्या?" सगळे हसले. मीही हसलो. काऊन हसलो? मग जोडे घालून तासभर नाचलो.

घरी बाबा जागेच होते. कुठे चाललो, ते मी निघताना सांगितलं होतं. बाकी काही नाही, एवढंच विचारलं, "खळ्यावर जोडे घालून तं नाही ना चढला?"

"नाही," म्हणालो.

दारात माझे जोडे उलटे पडले होते, तळाला क्लबातली चमकी चिकटलेली. बाबा तिकडेच पाहून राहिले होते.