आखूड मानेची चिंचपेटी

आई, मला भीती वाटते आहे. आधी इकडचं तिकडचं विचारून मग मुद्द्यावर येण्याइतका धीर आज माझ्यात नाही. दिघीच्या दवाखान्यात बाकावर बसले आहे. माझ्या गळ्यात सुई घालून तपासायला काहीतरी काढणार आहेत, आणि नंबर यायला अजून सहा बायका आहेत. तुझी नात, जिला तू पाहिलं नाहीस, खाली औषधांच्या दुकानात गेली आहे. पर्समध्ये कंपनीची वही होती, तिच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. आवंढा गिळला की डाव्या बाजूला सुपारीएवढं काहीतरी वर जातं आणि खाली येतं. सकाळपासून शंभरदा तरी गिळून पाहिलं असेल. दर वेळी वाटतं, या खेपेला नसेल.

तुला जाऊन तीस वर्षं झाली. चिखलीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीच्या जागी आता कुणाचं तरी वर्कशॉप आहे. बाबा पहिल्या शिफ्टहून यायच्या आत तू जमिनीवर पांढरा पंचा अंथरून त्यावर मोती पसरायचीस. चिंचवडच्या सराफाकडून ते यायचे, आणि तू त्यांच्या चिंचपेट्या, तन्मणी, कुड्या ओवून द्यायचीस. लग्नसराईत गल्लीतल्या बायका तुला विचारायला यायच्या, मी काय घेऊ. तू त्यांना आधी दारातून आत-बाहेर चालायला लावायचीस, मग चहा देऊन बोलतं करायचीस, आणि स्वतः गप्प बसून बघायचीस. मान उंच आणि बोलणं मोजकं असेल तर गळ्यालगत बसणारी चिंचपेटी. मान आखूड, अंग भरलेलं असेल तर छातीवर उतरणारा तन्मणी. बोलताना डोकं हलवायची सवय असेल तर कानाला चिकटून बसणारी कुडी, लोंबतं काही नको. एका शिक्षिकाबाईंना तू बारीक मोत्यांची एकच सर घ्यायला लावलीस, कारण शिकवताना त्यांचा हात सारखा गळ्याशी जायचा आणि मोठा मोती त्यांना खुपला असता. माझा निकाल तर तू मी पंधरा वर्षांची असतानाच लावून टाकला होतास. "तुझी मान माझ्यावर गेली, आखूड हाय. आपल्याला तन्मणी. चिंचपेटीच्या नादी लागू नको," म्हणालीस, आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

आणि मग माझ्या बारावीच्या वर्षी तूच चिंचपेटी घालायला लागलीस. सराफाने नको म्हटलेले वाकडेतिकडे, चपटे मोती होते, त्यांच्या पाच सरी. आधी हळदीकुंकवाला, मग मंडईत, मग दूध आणायलासुद्धा. बायका तुझ्या पाठीमागे हसायच्या, म्हणायच्या, या वयात नटायचं सुचलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका सकाळी तू स्टोव्ह बंद करून पिशवी घेतलीस तेव्हा मी म्हणालेच, दुधाला जाताना मोती कोण घालतं, आणि तुला शोभतही नाही ते. तू पायात चपला सरकवल्यास. "न्हाई शोभत. ठाऊक हाय मला," एवढंच बोललीस आणि गेलीस. माझा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी तू बाबांना गळा दाखवलास. डॉक्टरांनी विचारलं, इतके महिने काय करत होतात. दिवाळी तुझ्याशिवाय झाली. लेकीचं परीक्षेतून चित्त उडू नये म्हणून माउली गप्प राहिली, असं लोक डोळे पुसत सांगायचे. त्या कौतुकाचा मला तेव्हा राग यायचा आणि अजूनही येतो.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. ब्रेकचे सुटे भाग हातात घेते, नखाने चाचपते, आणि केसाएवढा ओरखडा असला तरी लाल डब्यात टाकते. पोरं वैतागतात, म्हणतात मॅडमच्या हातून काही सुटत नाही. गणपतीच्या आधी आंघोळ करताना त्याच बोटांना माझ्या गळ्यात हे लागलं. कंपनीजवळच्या डॉक्टरबाईंनी लगेच तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. ती मी डब्याच्या पिशवीत ठेवली आणि दीड महिना चऱ्होली ते चाकण, चाकण ते चऱ्होली कंपनीच्या बसने नेली-आणली. ओढणी गळ्याभोवती घ्यायला लागले, विचारलं तर एसीचं कारण सांगितलं. लेकीचं लग्न मार्गशीर्षात आहे, पत्रिका वाटून झाल्यात. तिचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. आई, मी गेले तर त्या पोरीला यायला घर उरत नाही. म्हटलं, लग्न होऊ दे, मग बघू. कोणाचं वाक्य बोलतेय ते मला कळलंसुद्धा नाही.

गेल्या रविवारी ती मला चिंचवडला सराफाकडे घेऊन गेली. वधूमायने नीट दिसायला हवं म्हणाली. दुकानातल्या मुलीने पुढ्यात मोत्यांचे ट्रे मांडले, गुलाबी झाक असलेले, दुधी, तांदळासारखे लांबट. मॅडमची पर्सनॅलिटी साधी आहे, एकेरी सर छान दिसेल, असं ती म्हणत होती. मी कशाकडे बघितलं नाही. सगळ्यांत रुंद चिंचपेटी उचलली, मान खाली घातली, ओढणीच्या आतूनच मागे हुक लावला आणि मगच ओढणी काढली. आरशात बघितलं तर डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं. इतकं वाईट दिसत होतं की मला ती बाई ओळखीची वाटली. आई, ती तू होतीस. इतकी वर्षं मी तुझ्यावर चिडले, पण तू घाबरली होतीस हे मला त्या आरशासमोर उभं राहिल्यावर कळलं. मी काउंटर धरला.

लेक हसत होती. मान आखूड असेल तर चिंचपेटी नाही, आजीचं हे तूच मला शंभर वेळा सांगितलंस, असं म्हणत ती मागे आली आणि हुक काढायला लागली. मी तिचं मनगट धरलं. जरा जास्तच जोरात धरलं असावं, कारण ती हसायची थांबली आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिली.

"आई, गळ्याला काय झालंय?"

दुकानातली मुलगी ट्रे उचलून दुसऱ्या टोकाला गेली. मी सांगितलं. चिठ्ठीचंही सांगितलं, दीड महिन्याचंही. लेक रडली नाही. तिने हुक काढला, गाठीवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "लग्न पुढं ढकलता येतं." मग तिथूनच दवाखान्यात फोन लावला. निघताना तिने माझ्यासाठी तन्मणी घेतला, मला न विचारता.

आता माझ्यापुढे दोनच बायका राहिल्या आहेत. तोंड कोरडं पडलंय, पण पाणी प्यायची भीती वाटते, कारण मग गिळावं लागेल. जिन्यात लेकीच्या चपला वाजतायत. ही पानं तिच्या हाती लागू नयेत म्हणून मी ती आत्ता फाडणार आहे, पण एक गोष्ट आधी लिहायला हवी. तू डोकं धुऊन दारात उन्हाला केस पुसत उभी होतीस, परीक्षेला अजून दोन महिने होते. मान मागे टाकली होतीस आणि गळा उघडा होता. मी पाहिलं होतं, आई. गाठ स्पष्ट दिसत होती. विचारलं तर तू खरं सांगशील अशी भीती वाटली, म्हणून मी आत जाऊन पुस्तक उघडलं. लेकीला सगळं सांगितलं, एवढंच सांगितलेलं नाही.